मे महिन्यात सोलापूर ते गणपतीपुळे: आई इन्सुलिनवर, सोबत दोन लहान मुलं. तब्येतीची तयारी काय करावी?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीने गणपतीपुळ्याला निघतोय. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. सोबत आई (वय ६८, रोज दोन वेळा प्रीमिक्स इन्सुलिनचं पेन, शिवाय बीपीची गोळी), मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. मुलाला घाट लागला की उलटी ठरलेली. चार मुक्काम आहेत.
इन्सुलिन कसं न्यायचं, वाटेत खायला काय बांधायचं, उलटी-जुलाब झाले तर काय करायचं, हे नीट मापासकट सांगा. "काळजी घ्या" एवढं नको, ते घरचे सांगतातच.

सातरस्ता_केमिस्ट
इन्सुलिनपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत असेल तर बाहेर साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस प्रकारानुसार बदलतात, खोक्यातला कागद बघा. पण मे महिन्यात आपल्याकडे ३० अंश मिळणार कुठे? बंद उभ्या गाडीत तर विचारूच नका. डॅशबोर्ड, डिकी, मागच्या काचेखालची फळी या तिन्ही जागा बाद. चहाला दहा मिनिटं उतरलात तरी पिशवी हातात घेऊनच उतरा.

दुसरी चूक उलट्या बाजूची. लोक जेलपॅक फ्रीझरमधून काढतात आणि पेन त्याला चिकटवून ठेवतात. इन्सुलिन गोठलं की गेलं. वितळल्यावर दिसायला ठीक दिसेल, काम करेलच असं नाही. जेलपॅक जाड नॅपकिनमध्ये दोन वेढे गुंडाळा, पेन वेगळ्या डबीत, मधे कापड. रुंद तोंडाचा थर्मास असेल तर आणखी सोपं: रात्री त्यात गार पाणी भरून ठेवा, पहाटे ओतून कोरडा पुसा, पेन झिपच्या पिशवीत घालून आत सोडा. दुपारपर्यंत चिंता नाही.

आता खास सोलापूरकरांसाठी. आपल्याकडे बरेच जण ओल्या फडक्यात किंवा माठाजवळ ठेवतात आणि ते इथे चालतं, कारण हवा कोरडी आहे, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना गारवा देतं. तीच युक्ती कोकणात करू नका. तिथली हवा आधीच दमट. फडकं दिवसभर ओलं राहील आणि आतलं पेन खोलीइतकंच गरम. पाणी मुरवून वापरायच्या ज्या थंड पिशव्या मिळतात, त्यांचंही तेच. तिथे फ्रिजच लागेल.

हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजबद्दल आधीच फोन करून विचारा: चावीचं कार्ड काढल्यावर त्याची वीज जाते का? बऱ्याच ठिकाणी जाते. तुम्ही दिवसभर समुद्रावर आणि फ्रिज बंद. तसं असेल तर रिसेप्शन किंवा स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, डबीवर "फ्रीझरमध्ये ठेवू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून. डबी दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब.

प्रीमिक्स मुळातच दुधाळ असतं. तळहातात दहा वेळा फिरवा, दहा वेळा हळू वरखाली करा. तरीही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटून राहिला तर ते पेन टाकून द्या. टोचून झाल्यावर सुई लावून ठेवू नका, गरम-गार होताना आत हवा शिरते आणि मात्रा चुकते. टोचण्याआधी दर वेळी २ युनिट हवेत सोडून बघायचे. आणि पेन एकच नको. दुसरं वेगळ्या पिशवीत ठेवा. प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये.

विजापूरवेस_७१
आपल्याला ४३ ची सवय हाय वो. कोकणात ३४ च्या वर जातंय कुठं? उगं घाबरवू नका लोकांना 😄

नर्सताई_उत्तरकसबा
विजापूरवेस दादा, याच समजुतीने लोक आडवे होतात. सोलापुरात घाम अंगावर दिसत नाही कारण तो लगेच वाळतो, आणि वाळताना अंग गार होतं. कोकणात घाम टपटप गळतो पण वाळत नाही. म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, अंग मात्र गार होत नाही. ३४ अंश आणि दमट हवा यात चार वर्षांचं पोर किंवा ६८ च्या आजी आपल्या ४२ पेक्षा लवकर थकतात.

पाणी किती, याला एकच आकडा नाही. लघवीचा रंग बघा: फिकट पिवळा ठीक, गडद झाला किंवा चार-पाच तास लघवीच नाही तर कमी पडतंय. मुलांना तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार-सहा घोट. नुसतंच पाणी ढोसत राहायचं नाही, सोबत मीठ जायला हवं. ताक, लिंबू-मीठ, शेंगा चटणीसुद्धा. आजींना बीपीमुळे मीठ कमी सांगितलं असेल तर त्यांचं वेगळं, ते डॉक्टरांनाच विचारा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचं मापही विचारूनच घ्यायचं.

उन्हाचा झटका ओळखायचा असा: अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, चालताना झोकांड्या, किंवा फिट. घाम असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी मारा आणि वारा घाला. काखेत आणि जांघेत बर्फ गुंडाळून ठेवा. १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. क्रोसिन-डोलोचा इथे उपयोग नाही, हा ताप त्या जातीचा नाही.

बाळीवेस_सुगरण
खायचं मी सांगते.

कडक भाकरी घ्याच. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पार कोरडी करतात, आत ओल राहत नाही म्हणून बुरशी धरत नाही. आपल्या हवेत महिनाभर कुरकुरीत राहते. पण वर केमिस्ट दादा म्हणाले तेच भाकरीलाही लागू: कोकणात डबा उघडला की एका रात्रीत मऊ पडते, आणि मऊ पडलेली दोन-तीन दिवसांत बुरसते. म्हणून मोठा डबा नेऊ नका. चार-चार भाकऱ्यांची वेगळी पाकिटं करा, लागेल तेवढंच फोडा.

शेंगा चटणी कोरडी, ओलं खोबरं न घालता. दाणे खमंग भाजून पूर्ण गार झाल्यावरच कुटा. गरम असताना डबा बंद केला की आत वाफ धरते. लसूण प्रवासासाठी निम्मा करा आणि कोरडा परतून घ्या. चमचा कोरडा हवा, ओल्या हाताने घेतली की दोन दिवसांत वास येतो.

दशमी (दुधात भिजवलेली) पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. धपाट्यांत दही-कांदा घातला असेल तर त्याच दिवशी संपवा; कांदा वगळून तेल जरा जास्त लावलं तर दुसरा दिवस निघतो. तिखट पुऱ्या दोन दिवस. गरम पोळ्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळू नका, आधी सुती फडक्यावर पसरून गार करा. डबा आंबतो तो वाफेच्या पाण्याने.

दहीभात मात्र नको. सगळे नेतात आणि सगळ्यात आधी तोच बाधतो.

नर्सताई_उत्तरकसबा
सुगरणताई, भाताचं कारणही लिहिते. शिजलेल्या भातात एका जिवाणूची बीजं जिवंत राहतात, भात कोमट राहिला की ती वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. पेढे, बासुंदी, खव्याच्या मिठाया हाताळल्याने बाधतात, तेही असंच. शिजलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. आपल्या उन्हाळ्यात एकच तास धरा.

सोलकढीबद्दल कुणी विचारायच्या आत: कच्च्या नारळाच्या दुधाची असते, उकळलेली नसते. समोर काढून देत असतील तर प्या. दुपारी चार वाजता पिंपातली नको.

होटगीरोडकर
मंडळी, भारी माहिती. ओआरएस कसं द्यायचं? आणि मासे? मुलगी बांगड्यासाठीच निघालीय.

नर्सताई_उत्तरकसबा
ओआरएस: पाकिटावर "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिलेलं घ्या. मोठं पाकीट (साधारण २१ ग्रॅम) पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजे अर्ध्या बाटलीत असलं काही करायचं नाही. दाट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर उपयोग नाही. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, प्रवासात तीच सोयीची. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या.

दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक. ग्लासभर एकदम दिलं की परत बाहेर.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरून ओढून. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला घातक, चव बघा: अश्रूंपेक्षा खारट नको.

टेट्रापॅकमधली गोड रंगीत पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर "ओआरएस" शब्द वापरायला मनाई केली, ती उगीच नाही.

मुलाला जुलाब झाले तर ओआरएससोबत झिंक, सहा महिन्यांपुढे रोज २० मिग्रॅ, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. जुलाब थांबवायची गोळी (लोपेरामाइड) मुलांना नाही, आणि मोठ्यांनाही ताप किंवा शौचात रक्त असेल तर नाही. रक्त पडतंय, आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल सुस्त पडलंय: यातलं एकही दिसलं तर हॉटेलात बसायचं नाही, दवाखाना.

मिरकरवाडा_मासळी
बांगड्याचं मी सांगतो, आमचा धंदाच तो. बांगडा, कुपा (ट्यूना), सुरमई जातीचे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन साठतं. तळा, उकडा, काही करा, ते जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालबुंद, अंगाला खाज, डोकं धडधडतं, कधी जुलाब. लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी. जिभेला मिरमिरल्यासारखं लागलं तर घास थुंकून टाका, सौजन्य दाखवू नका.

ताजा ओळखायला: डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लालभडक, बोटाने दाबलं तर खड्डा भरून येतो. खानावळीत दुपारच्या जेवणाला खा, रात्री उशिरा उरलेला नको.

आणि हो, मेच्या शेवटाकडे समुद्र खवळायला लागतो. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे, पाय टेकतोय म्हणेस्तोवर खाली वाळू सरकते. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नका.

घाटरस्ता_एमएच१३
आंबा घाटातली उलटी. कान सांगतो गाडी वळतेय, डोळा मोबाइलच्या पडद्यावर स्थिर, मेंदू गोंधळतो. म्हणून निम्मा इलाज फुकट आहे: मोबाइल काढून घ्या आणि लांबचा डोंगर बघायला लावा. चार वर्षांचं मूल चाइल्ड सीटमध्येच, पण सीट मागच्या रांगेत मधोमध लावली तर समोरच्या काचेतून रस्ता दिसतो. मधे तीन बिंदूंचा पट्टा असेल तरच हां.

पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. कोल्हापुरात मिसळ हाणून घाटात शिरू नका. घाटाच्या दीड तास आधी कोरडं काहीतरी, भाकरीचा तुकडा, खाकरा. दूध नको. एसी बाहेरच्या हवेवर ठेवा, आतली फिरवू नका. गाडीतलं अत्तर काढून डिकीत टाका. आणि मालक, चालवणाऱ्याने वळणात ब्रेक मारायचा नाही, वळणाआधी वेग कमी करून एकसारखं काढायचं. निम्म्या उलट्या ड्रायव्हरमुळे होतात, हे कुणी कबूल करत नाही.

गोळीचं केमिस्ट सांगतील.

सातरस्ता_केमिस्ट
प्रोमेथाझिन (प्रवासाची गोळी म्हणून हीच मिळते) घाटाच्या एक-दोन तास आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. दोन वर्षांखाली अजिबात नाही. चार वर्षांच्या मुलाची मात्रा मोठ्यांच्या गोळीचे अंदाजे तुकडे करून ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. झोप येते, त्यामुळे चालवणाऱ्याने घ्यायची नाही. आजींना शक्यतो नकोच, वयात तोल जातो, गोंधळायला होतं.

आजींबद्दल आणखी दोन गोष्टी. ढाब्यावर ऑर्डर देऊन सुई टोचू नका. जेवण यायला पाऊण तास लागला की साखर खाली. ताट समोर आल्यावर टोचायचं. त्यांचं इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायच्या प्रकारातलं असेल तर त्या वेळी घरचा डबाच उघडा, म्हणजे वेळ आपल्या हातात राहते.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, चिडचिड दिसली, तर १५ ग्रॅम साखर: तीन चहाचे चमचे पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट नको, स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. वाळूत चालणं आणि ऊन या दोन्हींमुळे इन्सुलिन जास्त वेगाने रक्तात उतरतं, म्हणून समुद्रावरून आल्या आल्या एकदा मोजाच. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी मात्र फ्रिजमध्ये घालू नका; दमट हवेत झाकण लगेच लावायचं, नाहीतर आकडा चुकीचा दाखवतात.

नर्सताई_उत्तरकसबा
याला जोडून: उलट्या-जुलाब लागले तर काही गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवाव्या लागतात. साखरेवरच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या ग्लिफ्लोझिन गोळ्या, आणि बीपीतल्या लघवी वाढवणाऱ्या व इतर काही. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. घाटात रेंज नसताना तीच कामाला येते. इन्सुलिन मात्र "आज काही खाल्लं नाही" म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. आजारपणात न खाताही साखर वाढते. दर चार तासांनी मोजा आणि फोन करून मात्रा विचारा.

पाय! गणपतीपुळ्याला देवळामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घालतात, साधारण एक किलोमीटर, अनवाणी. दुपारी फरशी तापते. ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झालीय त्यांना भाजतंय हे कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो. पहाटे करा, जाड सुती मोजे घालून. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या टॉर्चने बघा. पुळणीवरही चप्पल हवीच, शिंपल्याचा काप समजत नाही. हेच तुळजापूर-पंढरपूरच्या रांगेलाही लागू.

भुईकोट_सोलापूर
धागा बघून विचारतो, आम्ही मेअखेर केदारनाथला जातोय. तिकडे ऑक्सिजनचं काय करायचं?

घाटरस्ता_एमएच१३
वेगळा धागा काढा मालक. थोडक्यात: सोलापूर साडेचारशे मीटरवर, केदारनाथ ३,५०० च्या वर. गौरीकुंडपासून १६ किलोमीटरच्या चढात एका दिवसात दीड हजार मीटर चढता. आधी गुप्तकाशी-सोनप्रयागला दोन रात्री काढा. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा भूक मेली तर तिथून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जायला लागला तर लगेच खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजनचा छोटा कॅन काही मिनिटांचा असतो, त्याच्या भरवशावर वर थांबू नका. उंचीच्या त्रासावरची असिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगून.

होटगीरोडकर
पाण्याचं राहिलं. बाटल्याच विकत घ्यायच्या का?

सातरस्ता_केमिस्ट
घरून २० लिटरचा जार भरून घ्या, कोल्हापूरपर्यंत आरामात. विकतच्या बाटलीवर आयएसआय शिक्का आणि "आयएस १४५४३" बघा, झाकणाची कडी तुटलेली नको. खोलीत विजेची किटली असेल तर पाणी खळाळून एक मिनिट उकळलं की पुरे. क्लोरीनची गोळी टाकायची तर पाणी गढूळ नको, आधी चौपदरी सुती कापडातून गाळा. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं, टाकून अर्धा तास थांबा. बर्फाचा गोळा नाही. उसाच्या रसातला बर्फही नाही, रस नुसता प्या.

विजापूरवेस_७१
उसाचा रस बिनबर्फाचा? ते काय पिणं झालं वो 😅

होटगीरोडकर
शेवटचं. मुलांना ताप आला तर पॅरासिटामॉल किती? घरी दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर वेगळे आकडे.

सातरस्ता_केमिस्ट
बरं झालं विचारलंत. सिरप दोन ताकदींत येतं: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. बाळांचे थेंब तर १ मिलीत १०० मिग्रॅ असतात. घाईत बाटली बदलली की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून प्रवासात एकच बाटली न्या, दुसरी घरीच राहू दे.

मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोला १० ते १५ मिग्रॅ. मुलगा १५ किलोचा असेल तर एका वेळी १५० ते २२५ मिग्रॅ. २५० च्या बाटलीतून ३ ते ४.५ मिली. दोन मात्रांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दोघांचं वजन निघायच्या आदल्या दिवशी करून मात्रा मार्करने बाटलीवरच लिहा. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज.

आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन प्रवासातल्या तापाला नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर इथल्या डॉक्टरांना कोकणात जाऊन आलो हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे मलेरिया-डेंग्यूची तपासणी त्याच दिवशी होते.

होटगीरोडकर
२५० ची बाटली पिशवीत, १२५ ची कपाटात. वजनं रविवारी करतो.